आधी भुऱ्याला परत आणा

पत्र असं आहे:

"ताई, मी मिरजेत एका मराठी शाळेत शिकवते. संक्रांतीच्या आठवड्यात आमच्या बोळात एक कुत्री टेम्पोखाली गेली. तिची चार पिल्लं गटाराच्या कडेला कुईकुई करत होती. पाचेक आठवड्यांची असतील. राहवलं नाही, आमच्या दोन खोल्यांच्या घरी आणली. आठ दिवसांत दोन पार्व्हो नावाच्या आजारानं गेली. उरलेल्या दोघांतल्या भुऱ्याला फेब्रुवारीअखेर तासगावकडच्या एका द्राक्षबागवाल्यांना दिलं. 'मोकळं रान आहे, मजेत राहील,' म्हणाले. परवा वाट वाकडी करून बघायला गेले, तर लिंबाच्या बुंध्याला हातभर साखळीनं बांधलेला. पाण्याची घमेली पालथी. मला बघून उड्या मारल्या नाहीत, नुसता लघवी करत उताणा पडला. मी एक शब्द न बोलता परत आले. तेव्हापासून झोप नाही. दुसरी तिळी. काळी आहे आणि मादी आहे, म्हणून कुणी घेत नाही. सासूबाई म्हणतात, घराचा पांजरपोळ केलास, सोड तिला बोळात. (दुपारी त्याच तिला दुधात भाकरी कुस्करून घालतात.) त्यात आता शाळेच्या आवारातल्या दोन मोठ्या कुत्र्यांचं काहीतरी करा, असं मुख्याध्यापक म्हणतायत. मी चुकले का? भुऱ्याला परत मागायचा मला हक्क आहे का? – एक शिक्षिका, मिरज"

प्रिय बाई,

येत्या रविवारी जा आणि भुऱ्याला घेऊन या. बाकीचं सगळं सांगते, पण आधी हे.

तो उताणा पडला आणि लघवी झाली, त्यानं तुमच्या जिवाला घोर लागलाय, ते कळतं. त्याचा अर्थ सांगते. लहान वयाचं कुत्रं भीतीनं किंवा अति भावनेनं असं करतं. 'मी लहान आहे, मला मारू नकोस' हे सांगायची ती त्याची पद्धत. तुम्हाला तो विसरला असं त्यात काही नाही. मात्र गेल्या दोन महिन्यांत माणूस जवळ आला की काय होतं, याचा त्याला काहीतरी वाईट अनुभव आला असावा. साडेचार महिन्यांचं पिल्लू आहे. हे दिवस त्याच्या घडणीचे. म्हणून म्हणते, पुढच्या महिन्यावर ढकलू नका.

हक्काचं विचारलंत. तुमच्याकडे लिहून घेतलेलं काही नसणार, असं धरून चालते. तरी कायदा तुमच्या बाजूला आहे. प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या 1960 च्या कायद्यातलं कलम 11 वाचा. जनावराला फार आखूड किंवा फार जड साखळीनं अवाजवी वेळ बांधून ठेवणं त्यात क्रूरता म्हणून लिहिलंय. कायम बांधलेल्या कुत्र्याला मालकानं फिरवायला न नेणं हेही तिथेच वेगळं लिहिलंय. पण हे कलम पिशवीत ठेवून जा, हातात धरून नको. मी 22 वर्षं कुत्र्यांना घरं मिळवून द्यायचं काम करतेय आणि परत आणलेल्या बहुतेक कुत्र्यांच्या बाबतीत कायद्याचं नाव काढायची वेळच आली नाही.

त्या माणसाच्या जागेवरून बघा. रानात कुत्रं बांधलेलं असतं, रात्री सोडतात, हे तो लहानपणापासून बघत आलाय. त्याच्या लेखी तो काही वाईट वागत नाहीये. तुम्ही 'तुम्ही हाल करताय' असं म्हणालात की तो अडून बसणार, कारण आता प्रश्न कुत्र्याचा न राहता त्याच्या अब्रूचा होतो. त्याऐवजी म्हणा, "तिळी एकटी पडलीय, आम्हाला भुऱ्याची फार सय येते, परत द्याल का? तुम्ही इतके दिवस सांभाळलंत, उपकार आहेत." घरातली बाई असेल तर तिच्याशी बोला. जाताना पोरांसाठी खाऊ न्या. तुमचं बोलणं संपायच्या आत साखळी सुटलेली असेल, अशी मला जवळजवळ खात्री आहे. नाहीच ऐकलं तर दुसऱ्या खेपेला जिल्ह्यातल्या एखाद्या प्राणिमित्र संस्थेचा माणूस सोबत न्या. पोलिसांकडे लेखी तक्रार ही शेवटची पायरी.

आता 'मी चुकले का?' याचं उत्तर. हो, एका ठिकाणी चुकलात. 'मोकळं रान' या दोन शब्दांवर विश्वास ठेवलात. मीही ठेवला होता, बहुतेक सगळेच कधी ना कधी ठेवतात, कारण दोन खोल्यांत कोंडलेली पिल्लं बघून आपल्यालाच वाटतं की शेत म्हणजे स्वर्ग. पण द्राक्षबागेत कुत्रं मोकळं सोडणं अवघड असतं. औषधाच्या फवारण्या चालू असतात, माणसांची ये-जा असते, शेजारच्या वस्तीवर कोंबड्या-शेळ्या असतात. मग त्याला बांधतात. कुत्र्याला किती जागा आहे यापेक्षा त्याच्या जवळ दिवसभर कोण आहे, हे विचारायचं असतं.

माझ्या पहिल्या वर्षातली गोष्ट सांगते. हळदी नावाची तांबूस पिवळी मादी होती. घर चांगलं, माणसं चांगली, बंगल्याला कुंपण. मी दिवाळीच्या तीन दिवस आधी तिला तिथं पोचवलं. नरक चतुर्दशीला पहाटे शेजारी फटाक्यांची माळ लागली, दूधवाल्यासाठी फाटक उघडं होतं, आणि हळदी गेली. सहा दिवस आम्ही शोधत होतो. रेल्वेच्या मोरीखाली सापडली, पुढच्या दोन्ही पंजांची कातडी सोललेली, आवाज बसलेला. त्या माणसांची काही चूक नव्हती. नवीन कुत्रं पहिले काही दिवस कुठलाही आवाज ऐकून धूम ठोकतं, हे मी त्यांना सांगितलंच नव्हतं. तेव्हापासून दिवाळीच्या आधी पंधरा दिवस ते तुळशीचं लग्न होईपर्यंत मी एकही कुत्रं नव्या घरी पाठवत नाही. आणि दुसरी गोष्ट, पहिला महिना गळ्यात फोन नंबर लिहिलेला पट्टा हवाच, घरातसुद्धा, आंघोळीच्या वेळीसुद्धा.

तिळीसाठी फोन येतील तेव्हा घाई करू नका. मी पाच-सहा गोष्टी विचारते, गप्पा मारल्यासारख्या. घर भाड्याचं आहे का, मालकाला सांगितलंय का. घरातल्या सगळ्यांना माहीत आहे का, की मुलीच्या वाढदिवसाला अचानक न्यायचंय. गणपतीला गावी जाता तेव्हा कुत्र्याला कोण बघणार. मुलगी बारावीनंतर पुण्याला गेली की कोण फिरवणार. आणि एक प्रश्न असा की त्याच्या उत्तरावर मी निम्मा निर्णय घेते: "यापूर्वी कुत्रं होतं का? त्याचं काय झालं?" जे सांगतात 'चौदा वर्षांचा होऊन गेला, शेवटी दिसत नव्हतं त्याला', त्यांच्या आवाजातच कळतं. जे म्हणतात 'दोन होते, पळून गेले', त्यांना मी नमस्कार करून नाही म्हणते. नाही म्हणायला कारण द्यावं लागत नाही. 'दुसऱ्या घरी ठरलं' एवढं पुरतं. तुम्ही वर्गातल्या पन्नास मुलांना नाही म्हणू शकता, हेही जमेल.

घर बघायला जायचंच. 'घर तपासायला येते' म्हटलं की माणसं दुखावतात, म्हणून मी म्हणते, 'मीच आणून देते, तुम्ही कशाला त्रास घेता.' गेलं की आपोआप दिसतं. गच्चीला कठडा आहे का, बाल्कनीच्या गजांतून पिल्लू निसटेल का, कुत्र्याची जागा घरात ठरवलीय की जिन्याखाली. जिन्याखाली साखळी आधीच अडकवलेली दिसली तर मी पिल्लू पिशवीतून बाहेरही काढत नाही.

आणि एक कागद करा. साध्या वहीच्या पानावर चालेल. घेणाऱ्याचं नाव, पत्ता, ओळखपत्राची झेरॉक्स, आणि त्यांच्या सहीनं एवढं: नसबंदी करू, लसी वेळेवर देऊ, कायम बांधून ठेवणार नाही, आणि सांभाळणं जमलं नाही तर दुसऱ्या कुणाला न देता, रस्त्यावर न सोडता तुम्हालाच परत देऊ. या शेवटच्या ओळीसाठीच सगळा कागद आहे. तुम्ही तोंडानंही सांगा, 'कधीही, रात्री बारालाही फोन करा, मी येऊन नेईन, रागावणार नाही.' माणसं कुत्रं सोडून देतात ती बऱ्याचदा लाजेनं. परत द्यायची वाट सोपी ठेवली की ती तुमच्याकडे येतात.

दिल्यावर तिसऱ्या दिवशी, तिसऱ्या आठवड्यात आणि तिसऱ्या महिन्यात फोन करायचा, हे आमच्यातलं जुनं गणित. तीन दिवस कुत्रं घाबरलेलं असतं, खात नाही, पलंगाखाली बसतं. तीन आठवड्यांत घराच्या वेळा कळतात. तीन महिन्यांनी ते त्या घराचं होतं. दुसऱ्या दिवशी 'हे खातच नाही, घेऊन जा' असा फोन आला तर घाबरू नका, त्यांना हे गणित सांगा.

आता तिळी. शनिवारी काळ्या कुत्र्याला तेल लावलेली पोळी घालायला आपल्याकडे लोक गल्ल्या धुंडाळतात. शनीची पीडा जाते म्हणतात. खंडोबाच्या पायाशी कुत्रं, दत्ताच्या पायाशी चार, काळभैरवाचं तर वाहनच. आणि घरात घ्यायची वेळ आली की काळी मादी सगळ्यात शेवटी. हे बघून मला दर वेळी आतून वाईट वाटतं, इतक्या वर्षांनीसुद्धा. पण त्यावर उपाय आहेत.

पहिला उपाय फोटो. काळं कुत्रं मोबाईलमध्ये काळा ठिपका दिसतं, चेहरा कळतच नाही, आणि ज्याचा चेहरा दिसत नाही त्याच्यावर कुणाचा जीव जडत नाही. सकाळी आठच्या आत, उन्हात नाही पण उजेडात, फिकट पिवळी किंवा पांढरी चादर मागे घ्या. तुम्ही जमिनीवर बसा, फोन तिच्या डोळ्यांच्या उंचीवर धरा. फोनच्या पडद्यावर तिच्या तोंडावर बोट टेका आणि उजेड वाढवा. डोळ्यांत दोन पांढरे ठिपके चमकले की फोटो झाला. सोबत पंधरा सेकंदांचा व्हिडिओ, तिळी सासूबाईंच्या पायाशी बसलेली. चालेल का त्यांना, ते विचारा. चालेल, असं मला वाटतं.

मजकुरात 'बिचारी अनाथ' लिहू नका. दया येऊन नेलेलं कुत्रं दया ओसरली की परत येतं. लिहा की साडेचार महिन्यांची आहे, शी-शू बाहेर करते, मुलांची सवय आहे, भाकरी-अंडं-भात खाते, लसी झाल्यात. तुमच्या भागातून 'मुधोळ आहे का?' असे फोन येतील, कर्नाटकातलं मुधोळ काही फार लांब नाही आणि तिथल्या कुत्र्यांची हौस मोठी. त्यांना सांगा की मुधोळ हे धावणारं, शिकारीचं कुत्रं. दोन खोल्यांच्या घरात तेही हाल सोसतं आणि माणसंही. आपलं देशी कुत्रं याच हवेत घडलेलं, याच अन्नावर वाढलेलं. ऐकून घेणारे निघतात.

दुसरा उपाय नसबंदी. मादी नको, याचं खरं कारण पिल्लांची भीती एवढंच असतं. भाद्रपद-आश्विनात माजावर आलेल्या कुत्र्या दोन महिन्यांनी वितात, म्हणून संक्रांतीच्या सुमाराला आपल्या प्रत्येक बोळात पाच-सहा आठवड्यांची पिल्लं दिसतात. तुमची चार त्यातलीच. तिळी साधारण सहा महिन्यांची झाली की डॉक्टरांना दाखवून तिची शस्त्रक्रिया करून घ्या आणि मजकुरात लिहा, 'नसबंदी आम्ही करून देऊ.' या एका ओळीनं फोनची संख्या बदलते, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय. खर्चासाठी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी विचारा.

जी दोन गेली त्यांच्याबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीय, आणि त्या एका ओळीत किती रात्री आहेत ते मला माहीत आहे. रक्ताचे जुलाब, तो वास, चमच्यानं पाजलेलं पाणी उलटून पडणं. पार्व्होचा विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणं दिसायला साधारण तीन ते सात दिवस लागतात. पिल्लं आणलीत तेव्हाच बहुधा ती आजारी होती. आईची नक्की लस झालेली नसणार. तुमच्या हातून काही राहिलं नव्हतं. मात्र यापुढं एक लक्षात ठेवा. हा विषाणू जमिनीवर, पोत्यांत, कोपऱ्यांत कित्येक महिने टिकतो आणि साध्या फिनाईलनं मरत नाही. फरशी आधी साबणानं धुवा, मग एक भाग ब्लीच आणि तीस भाग पाणी, दहा मिनिटं ओलं राहू द्या. पोती-चिंध्या जाळून टाका. आणि लस न झालेलं नवं पिल्लू निदान वर्षभर त्या जागेत आणू नका, कितीही राहवलं नाही तरी. पार्व्हो-डिस्टेंपरची लस सहा ते आठ आठवड्यांपासून, मग दर तीन-चार आठवड्यांनी सोळा आठवड्यांपर्यंत. रेबीजची तीन महिन्यांनंतर. तिळीचं कार्ड तपासा. भुऱ्याचं बहुतेक कोरं असेल, सुरुवातीपासून करावं लागेल.

तुम्ही स्वतः रेबीजची लस घेतलीय का? नसेल तर हे वाचून झालं की चौकशी करा. चावण्याआधी घ्यायचे तीन डोस असतात: पहिला, मग 7 व्या दिवशी, मग 21 किंवा 28 व्या. हे काम करणाऱ्यानं ते घेतलेलेच हवेत. आणि चावलं, ओरखडलं, तर आधी पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली साबणानं जखम धुवायची. मिरची-चुना काही लावायचं नाही. त्याच दिवशी दवाखाना. आधी डोस झाले असले तरी पुन्हा दोन घ्यावे लागतात. हे वर्गातल्या मुलांनाही शिकवा, तुम्ही शिक्षिका आहात, तुमचं ऐकतील.

सासूबाईंबद्दल. 'पांजरपोळ' म्हणाल्या त्यात तथ्य आहे, आणि ते तुम्ही कबूल करावं असं मला वाटतं. दोन खोल्यांच्या घरात एका वेळी एकच, असा आकडा ठरवा आणि त्यांच्यासमोर ठरवा. असा आकडा नसलेल्या चांगल्या बायकांची घरं मी मोडताना पाहिलीत. वीस-वीस कुत्री, एकालाही धड औषध नाही. भुऱ्या आला की दोन होतील, म्हणून त्याच्यासाठी पंधरा-वीस दिवसांचं तात्पुरतं घर आजच बघून ठेवा. सहकारी शिक्षक, एखादी माजी विद्यार्थिनी. खाणं आणि औषधाचा खर्च तुमचा, जागा त्यांची. अशी फॉस्टर माणसं कायमची घेणाऱ्यांपेक्षा लवकर मिळतात.

आणि तिळीला बोळात सोडायचं नाही, हे मात्र ठाम. पाच आठवड्यांची असल्यापासून ती घरात वाढली. गाडीचा अंदाज, हद्द, दुसऱ्या कुत्र्यांपुढे नमायचं कसं, यातलं काहीच तिला आईनं शिकवलेलं नाही. बोळातली कुत्री तिला पहिल्या रात्रीच फाडतील. हे सासूबाईंना सांगा; दुपारी भाकरी कुस्करणारा माणूस हे समजून घेतो. फक्त दूध बंद करायला सांगा, त्यानं पिल्लांना हगवण लागते. दह्याचं पातळ ताक किंवा नुसतं कोमट पाणी चालेल.

राहिली शाळेतली दोन. इथं एक नवीन गोष्ट आहे. रस्त्यावरची कुत्री नसबंदी आणि लसीकरण करून पुन्हा त्याच ठिकाणी सोडायची, हा 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांचा गाभा, आणि सर्वोच्च न्यायालयानंही 22 ऑगस्ट 2025 च्या आदेशात रेबीज झालेली आणि आक्रमक कुत्री वगळता तेच सांगितलं. पण 7 नोव्हेंबर 2025 ला न्यायालयानं शाळा, रुग्णालयं, क्रीडासंकुलं, बसस्थानकं आणि रेल्वेस्थानकांच्या आवारातली कुत्री निवाऱ्यात हलवायला सांगितली, आणि ती पुन्हा तिथं सोडायची नाहीत असंही. म्हणजे तुमच्या मुख्याध्यापकांवर दबाव आहे तो खरा आहे. बोळातल्या कुत्र्याबद्दल मी म्हटलं असतं, नसबंदी करून त्याच्या जागी राहू दे. शाळेतल्या या दोघांना मात्र घर मिळालं तर निवाऱ्याच्या पिंजऱ्यातून वाचतील. ऑगस्टच्या आदेशातच दत्तकासाठी महापालिकेकडे अर्ज करायची सोय सांगितलीय, आणि घेतलेलं कुत्रं पुन्हा रस्त्यावर येणार नाही ही जबाबदारी घेणाऱ्याची. सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेकडे शाळेच्या लेटरहेडवर अर्ज द्या, पोच घ्या. त्या दोन कुत्र्यांच्या कानाला त्रिकोणी खाच असेल तर नसबंदी झालेली आहे.

मोठ्या कुत्र्याला घर मिळत नाही हा समज आहे. निवृत्त जोडप्यांना मी पिल्लू देतच नाही, मोठंच देते. ते दात शिवशिवतात म्हणून चपला खात नाही, रात्री झोपतं, आणि स्वभाव आधीच दिसलेला असतो. शाळेत रोज शेकडो मुलांच्या गलक्यात जे कुत्रं शांत पडून राहतं, त्याच्या स्वभावाचं याहून चांगलं प्रमाणपत्र नाही. तुमच्या मुलांना त्या दोघांबद्दल दहा-दहा ओळी लिहायला सांगा. कोण डबा सुटल्यावर पायरीवर बसतं, कोण पावसात वर्गात येतं. तेच त्यांचे जाहिरातीचे मजकूर होतील आणि पालक ते घरी वाचतील.

आता रविवार. पहाटे निघा, उन्हाच्या आत परतायचंय. सोबत एक माणूस हवाच, तुम्ही मागच्या सीटवर बसायचं. मऊ सुती पट्टा न्या, साखळी तिथंच राहू दे. पट्टा घालण्याआधी मानेखालचे केस बोटांनी मागे करून बघा. साखळीनं कातडी कापलेली असेल तर पट्टा घालू नका, ओढणीची झोळी करा. गोचिड असणार, ओढून काढू नका, घरी न जाता थेट डॉक्टरांकडे न्या आणि गोचीड-तापाची रक्ततपासणी सांगा. तिळी ज्या चादरीवर झोपते ती न धुता बरोबर न्या आणि त्याला तीवर बसवा. त्याच्या डोक्यावरून हात वरून आणू नका, खालून हनुवटीला लावा, आणि त्यानं हुंगेपर्यंत थांबा. तिळीला सोबत नेऊ नका. दोघांची भेट डॉक्टरांनी सांगितल्यावर, घरात नको, मैदानात, दोघांच्या दोऱ्या सैल ठेवून.